खाडीतून मागे

सिनेमाला जायचं योगिनीच्या नवऱ्याने, प्रणयनेच ठरवलं. रविवार होता, आणि गेले कित्येक महिने योगिनी ऑफिस, स्वयंपाक आणि आईची औषधं सोडून कुठे गेली नव्हती. "आईंनाही घेऊ. कौटुंबिक आहे म्हणतात, रडारड असेल थोडी," तो म्हणाला. योगिनीला खरं तर झोपायचं होतं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, म्हणून ती तयार झाली.

बायजा, तिची आई, दोन वर्षांपूर्वी नवरा वारल्यापासून त्यांच्या वाशीच्या घरात राहत होती. त्याआधीचं सगळं आयुष्य करावे गावात, मासळीच्या टोपलीमागे गेलं. ती चिडत नसे, भांडत नसे. नुसती बसून राही. गोळ्या चुकल्या की मात्र रात्रंदिवस घरात फेऱ्या मारी आणि दारं लावत सुटे. लहानपणी योगिनीने त्या लावलेल्या दारांमागे बरेच दिवस काढले होते. धाकटा भाऊ जन्मतःच गेला, तेव्हापासून आई अशी झाली, एवढंच तिला माहीत होतं.

आणि ती संध्याकाळ माहीत होती. योगिनी तेव्हा सात वर्षांची होती. ओहोटीला आईने तिचा हात धरला आणि चिखलातून खाडीकडे चालत निघाली. पाणी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग तोंडात खारट. पुढचं तिला आठवत नव्हतं. पुढचं बापाने सांगितलं होतं: "तुझी आयस अर्ध्यातून मागं फिरली गो. तुझ्यासाठी फिरली." अजूनही डोक्यावरून पाणी घेतलं की योगिनीचा श्वास अडकायचा. पण बापाच्या त्या एका वाक्यावर तिने आईला आजवर सांभाळलं होतं.

थिएटरात पंखे घरघरत होते. पडद्यावर एक बाई आपल्या मुलीला कपाटात कोंडत होती. आतून मुलगी हाका मारत होती आणि बाहेर बाई शांतपणे भांडी घासत होती, मग घासता घासता रडू लागली. योगिनीने पर्स उचलली.

"आये, चल, आपण निघू," ती कुजबुजली.

"बस. मना बघूदे," बायजा म्हणाली. डोळे पडद्यावरून हलले नाहीत.

मध्यंतराला प्रणय वडे आणायला गेला. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. बायजाने पदराने तोंड पुसलं.

"ती पोरगी मोठी झाल्यावर आयशीला घरान ठेवते काय गो?"

"मला काय माहीत. मी कुठे बघितलाय आधी?"

"तू ठेवलीस."

योगिनीने पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली.

"तुज्या बापसानं तुला काय सांगितलं हाय? खाडीचं?"

"तू मागं फिरलीस म्हणून."

बायजाने मान हलवली. आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव सांगावा तसा. "मी नाय फिरले. मी चाललीच व्हती. शेजारची काशी कोलंबी धरत व्हती, तिनं बघितलं. तिनं दोगींना वडून काढलं. मी तिला चावले पन, सोड म्हनून."

"हे आज का सांगतेस?"

"तो सिनेमा खोटा हाय. त्यान ती बाई रडते. मी नव्हते रडले. मना तवा काय वाटतच नव्हतं." तिने लेकीकडे बघितलं. "तू मागं फिरलेल्या आयशीला सांभाळतेस. ती मी नाय. तुला कळूदे."

प्रणय वडे घेऊन आला. दोघींनी खाल्ले. उरलेला सिनेमा कुणालाच बघायचा नव्हता. तिघं बसने घरी आले. वाटेत प्रणय काहीबाही बोलत राहिला आणि योगिनी खिडकीच्या बाहेर बघत राहिली. तिला राग येईल असं वाटलं होतं. राग आला नाही. फक्त कुणीतरी पायांखालची फरशी काढून घेतल्यासारखं झालं, आणि कुठेतरी टेकावंसं वाटलं.

घरी आल्यावर तिने प्रणयला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. त्याने गॅस बंद केला.

"काय करायचं मग? त्यांना गावी ठेवायचं?"

"नको. गावात कोण आहे तिला? पण मला थोडे दिवस तिला हात लावायचा नाहीये. आंघोळ, जेवण, डॉक्टर, तू बघ. मला जमणार नाही."

"बरं," तो म्हणाला. त्याने जास्त काही विचारलं नाही, याबद्दल तिला त्याचे पाय धरावेसे वाटले.

मग महिनाभर प्रणयच सासूला जेवायला वाढत होता. तिला डॉक्टरकडेही तोच नेत होता. बायजाने एकदाही मुलीला हाक मारली नाही. दोघी एकाच घरात पाहुण्यांसारख्या एकमेकींना वाट देत राहिल्या. योगिनी ऑफिसातून आली की आडवी व्हायची, आणि आश्चर्य म्हणजे तिला झोप लागायची, गाढ, लहानपणी कधी लागली नव्हती तशी.

एका रविवारी सकाळी बायजा गॅलरीत सुपात सुके बोंबील घेऊन निवडत बसली होती. एकेक बोंबील हातातून निसटून खाली पडत होता. योगिनी दारात उभी राहून बघत राहिली. मग तिने दुसरा पाट घेतला आणि समोर बसली.

"मी मागं फिरलेल्या आईला सांभाळत नाहीये," ती म्हणाली. "तुला सांभाळतेय. पण दमलेय गं."

"दमली असशील," बायजा म्हणाली, आणि सूप दोघींच्या मध्ये सरकवलं.