झडप

शांतम्माने पदर हाताला गुंडाळून पेटतं धुपाटणं उचललं आणि लेकीच्या सासरच्या अंगणात भिरकावून दिलं. निखारे उडाले. मिरच्यांचा धूर ओसरीभर पसरला आणि मडिवाळप्पा नावाचा तो भगत हातातलं लिंबू तसंच धरून उठला. भिंतीला टेकवून बसवलेली शिवगंगा, तिची एकोणीस वर्षांची लेक, तोंड उघडं टाकून श्वास शोधत होती. ओठ निळे पडले होते.

"जिला आधीच दम पुरत न्हाई, तिला मिरच्यांचा धूर द्यायलाव? मानसं हाव का कोन हाव?"

विहीण बसम्मा पुढे झाली. "वरडू नका, इहीनबाई. आमी मनानं काय केलं न्हाई. डागदरच म्हनला, झडप हाय म्हून."

"काय हाय?"

"झडप," जावई शिवलिंग म्हणाला.

झालं होतं ते असं. गावाची विहीर आटलेली, पाणी टँकरचं. सोमवारी भर दुपारी त्या कोरड्या विहिरीपाशी टँकरची वाट बघता बघता शिवगंगा घागरीसकट कोसळली. शिवलिंगने तिला बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने छातीला नळी लावली, इंग्रजीत चिठ्ठी खरडली आणि मराठीत एवढंच सांगितलं की झडप खराब झाली आहे, लातूरला दाखवा. दुपारची वेळ, कोरडी विहीर, एकटी बाई. ही झडप भुताची की आणखी कशाची, हे घरात कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. शिकलेला डॉक्टरच भुताचं नाव घेतो म्हटल्यावर शंका घ्यायची छाती कुणाची होणार!

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. शांतम्माच्या मस्तकात तिडीक गेली. चिठ्ठी कुठाय म्हणून विचारलं तर ती देवाच्या फोटोमागे खोचलेली. पाच दिवस पोरगी श्वासासाठी तडफडतेय आणि चिठ्ठी देवाच्या पाठीशी!

पहाटेच्या पहिल्या एसटीने तिने लेकीला लातूरला आणलं. जावई आणि विहीण मागोमाग निमूट आली. शांतम्माच्या जिभेला वाटभर हाड नव्हतं. भगताला झोडपून झालं, जावयाला झालं, मग नव्या जिल्ह्याची पाळी आली. जिल्हा होऊन चार वर्षं झाली, पाटीला रंग चढला, साहेबांना गाड्या आल्या, पण दवाखान्याच्या रांगेत बाळंतीण अजून उन्हातच उभी. हे ती रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी शिवगंगाला बराच वेळ तपासलं. मग तिला खाटेवर टेकवून बाकीच्या तिघांना समोर बसवलं.

"हृदयाला आत दारं असतात. रक्त पुढे जाताना उघडतात, मागे फिरू देत नाहीत. त्या दारांना झडपा म्हणतात. हिची एक झडप आवळली आहे. दोन बोटं जातील एवढी वाट हवी, तिथं पेन्सिल जेमतेम जाईल."

शिवलिंग आपल्या पायांकडे बघत राहिला. बसम्माने तोंडाला पदर लावला.

"ऐकलं का, इहीनबाई?" शांतम्मा म्हणाली. "आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला! माझी पोर मारली असती तुमी."

"हैदराबादला खाट मिळते आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फासळ्यांमधून आत बोट घालून झडप मोकळी करतात. गुरुवारी करतील. नवऱ्याची संमती लागेल." शिवलिंगने पेन हातात घेतलं. "त्याआधी एक सांगा. हा रोग झडपेत सुरू होत नाही. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, मग सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा. हिला तसं झालं होतं? दर एकवीस दिवसांनी सुई घ्यायला कुणी सांगितलं होतं?"

"न्हाई," शांतम्मा म्हणाली.

फार पटकन म्हणाली. शिवगंगाने मान वर करून आईकडे पाहिलं.

"नीट आठवा. रक्त मी तपासते आहे, पण रक्त सगळंच सांगत नाही. सुया मध्येच थांबल्या असतील तर तो ताप अजून आत धुमसत असेल. तशात छाती उघडली तर पोरगी टेबलावरून उठायची नाही."

उदगीरच्या डॉक्टरने सुयांचं पिवळं कार्ड दिलं होतं. दोन वर्षं शांतम्मा त्यावर खुणा करून घेत होती. मग सोयरीक आली. सांगून टाकू, असं नवरा गुरुबसप्पा म्हणाला होता. सांगितल्यावर दवाखान्याची पोरगी कोण करून घेतं, असं म्हणत तिने कार्ड चुलीत घातलं होतं. बघायच्या दिवशी याच बसम्माने विचारलं होतं, पोरीला काही दुखणं? आणि याच शांतम्माने सांगितलं होतं की माझ्या पोरीच्या पायात काटासुद्धा मोडला नाही.

शिवलिंगचं पेन कागदावर टेकलेलं होतं. आता खरं सांगितलं तर फसवलं म्हणून तो ते तिथंच ठेवेल, लेक जन्मभर माहेरी येऊन बसेल. नाही सांगितलं तर गुरुवार.

"हाव," ती म्हणाली. "सुजले हुते सांधे. नवव्या वर्षी अन् परत बाराव्या. सुई चालू हुती. लगीन ठरलं तवा म्याच बंद केली. हिनं न्हाई. म्या."

"मग सुया आजच परत सुरू, गुरुवारचं ऑपरेशन रक्त बघून ठरवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शांतम्माने मान खाली घातली नाही. शिव्या खायच्या तर समोरून खायच्या, ही तिची रीत होती.

शिवलिंगने पेन मेजावर ठेवलं आणि आईकडे बघितलं.

"आमाला सांगितलं असतं, इहीनबाई," बसम्मा हळू आवाजात म्हणाली, "तर आमी दिली असती की सुई."

मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "आज सुई दिलाव, तर पुढची कवा आनू हिला?"

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहून तारीख सांगितली. बसम्माला अक्षर येत नव्हतं. तिने पदराच्या टोकाला एकेक गाठ मारायला घेतली, एका आठवड्याला एक. दोन गाठी बसल्या. तिसरी बांधायला तिने ते टोक शांतम्मापुढे धरलं.