मावशींचं फडकं आणि मी

मित्रांनो, आवाज दमलेला वाटला तर समजून घ्या. मी पाळणाघरातल्या औषधांच्या डब्यात राहणारा, आता जुना झालेला स्पेसर आहे. नाव ऐकलं नसेल तर सांगतो. मी वीतभर लांबीची पारदर्शक प्लास्टिकची नळी. एका टोकाला नाकातोंडावर बसणारा मऊ मास्क, दुसऱ्या टोकाला दम्याच्या औषधाचा पंप बसवायला भोक.

कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात दाबून मला घडवलं आणि आत कागदाहून पातळ पडदा बसवला. श्वास घेतला की तो उघडतो, सोडला की मिटतो. पंपातून औषध इतक्या जोरात सुटतं की थेट तोंडात मारलं तर बरंचसं घशावरच आदळतं. माझ्यात त्याचा वेग मरतो, बारीक थेंबांचा ढग काही क्षण तरंगतो आणि लहान मूल आपल्या चालीने तो आत ओढतं. सोपं वाटतं ना? सर्दीने वाहणाऱ्या नाकावर एकदा बसून बघा!

ते नाक पिटुकलीचं. वय साडेतीन. तिच्या आईने मला इथे आणलं आणि डॉक्टरांनी लिहिलेला कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. किती फवारे द्यायचे, उतार पडला नाही तर कोणाला फोन करायचा, सगळं त्यावर होतं.

पाळणाघर ताईंचं. पण त्यांनी मास्क लावला की पिटुकली किंचाळायची, आणि रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फार कमी पोचतं. म्हणून हे काम मावशींकडे आलं. त्या मुलांचं खाणंपिणं आणि झाडलोट बघायच्या. त्यांच्या मांडीवर पिटुकली गप्प बसायची. का, ते मला आजही ठाऊक नाही.

मावशी भारी टापटिपीच्या. प्रत्येक वेळी काम झालं की कोरड्या फडक्याने मला घासून घासून लख्ख करायच्या.

"मावशी, एक दिवस त्याच्यात बघून भांग पाडाल तुम्ही," ताई म्हणायच्या.

"पाडीन की! तुमच्या आरशापेक्षा बरा दिसतो चेहरा."

कौतुक कोणाला नको असतं? मलाही गुदगुल्या व्हायच्या. पण फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटवता ना तुम्ही, तसंच माझं व्हायचं. कोरडं घासल्याने प्लास्टिकवर विद्युतभार साचतो. मग औषधाचे थेंब तरंगायचं सोडून माझ्याच अंगाला चिकटतात. मला हे कळत होतं. पण मला तोंड एकच, आणि तेही मास्कचं.

एका दुपारी पिटुकली झोपेतून उठली तीच धापा टाकत. श्वासागणिक बरगड्यांमधली कातडी आत जात होती. मावशींनी कागदावर लिहिले होते तेवढे फवारे दिले. एक फवारा, मग शांतपणे पाच-सहा श्वास, मग पंप हलवून पुढचा. काही चुकलं नाही, तरी उतार पडेना. ताईंनी कागदाची पुढची ओळ वाचली आणि रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णवाहिकेतल्या भाऊंनी स्वतःच्या स्पेसरमधून औषध दिलं, प्राणवायू लावला. हळूहळू पोरीचे खांदे खाली आले. मग त्यांनी मला उजेडात धरलं. माझ्या आतल्या बाजूला पांढुरकी भुकटी बसली होती.

"याला कोण पुसतं?"

"मीच," मावशी म्हणाल्या. "रोज."

"पुसायचं नसतं, मावशी. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवायचा, निथळत ठेवायचा, आपोआप वाळू द्यायचा. घासला की औषध यालाच चिकटतं. तिला कमी मिळत असणार."

भाऊ रागावले नव्हते. पण मावशी हातातल्या फडक्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे पोरीच्या तोंडचं औषध मीच पळवत होते."

चार दिवसांनी पिटुकली परत आली. मावशी मात्र माझ्याकडे बघेनात. "मला आपली भांडी द्या. औषधाला मी हात लावायची नाही."

मला धुवायला, वाळवायला ताई शिकल्या. पण पिटुकलीला खोकल्याची उबळ आली आणि ताईंनी मास्क लावला, तेव्हा तिने किंकाळी फोडून मला भिरकावलं. दुसऱ्यांदाही तेच. छातीतली शीळ आता सगळ्या खोलीला ऐकू येत होती. मावशी दारात उभ्या होत्या, हात पाठीमागे घट्ट धरून.

"मावशी, याला धुवायला मी शिकले हो," ताई म्हणाल्या. "पण तिला मांडीवर घेणं मला जमत नाहीये. या ना."

मावशींनी हात धुतले. पिटुकलीला जवळ ओढून म्हणाल्या, "रडून घे आधी. औषध कुठं पळून जातंय?" हुंदके थांबेपर्यंत त्या नुसत्या डोलत राहिल्या. मग मास्क अलगद टेकवला. फवारा सुटला. माझा पडदा उघडला, मिटला, उघडला. औषध या वेळी आत गेलं. थोड्या वेळाने शीळ विरली.

मित्रांनो, माझा पडदा आता ताठरत चाललाय. लवकरच माझ्या जागी नवा स्पेसर येईल, यायलाच हवा. जाण्याआधी एवढंच मागतो. कोणाचा स्पेसर तुमच्या हाती आला तर त्याला धुवा, वाळू द्या, पुसू नका. आणि मायेच्या हाताकडून चूक झाली तर त्याला नीट शिकवा, मग काम पुन्हा त्याच हाती द्या.

आता मावशीच मला धुऊन ओट्यावर निथळत ठेवतात, आणि हात फडक्याकडे जाऊ नये म्हणून मी वाळेपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभ्या राहतात.