उलटी झाली तर

रविवारी सकाळी दहाला, कार्ल्याच्या फाट्यावर, निलेशनं गोळ्यांचं राखाडी पाकीट बायकोच्या टपरीवर लिंबांच्या टोपलीशेजारी ठेवलं.

हिरा सरबताचे ग्लास विसळत होती. "ह्ये काय?"

"सरकारी दवाखान्यातलं. लघवीला जळजळ व्हत व्हती न्हवं, ते संबंधातनं लागलंय. तितल्या डाक्टर अनघा मॅडम म्हणल्या, एकट्यानं औषध घिऊन भागत न्हाई. जिच्याजिच्यासंगं ऱ्हायलात तिनंबी घ्यायचं. न्हाईतर फिरून येतं."

"जिच्याजिच्या! किती हायती?"

निलेश पर्यटकांची गाडी चालवायचा. आताही समोर रस्ता असल्यासारखा नाकासमोर बघतच तो बोलला, "एकच. संपलं ते. नाव इचारू नगंस."

"नाव काय चाटायचंय मला?"

तिनं पाकीट फोडलं, गोळ्या तळहातावर घेतल्या. तसा निलेश घाईनं म्हणाला, "आधी चार घास खा. लय मळमळतं त्यानं. लगेच उलटी झाली तर परत जाऊन गोळ्या आणाया लागत्यात."

"तुमाला झाली उलटी?"

"मला न्हाई. मला कायबी झालं न्हाई."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

मग मळमळलं कुणाला? म्हणजे औषध आधी तिकडं पोचलं होतं. उलटी होईपर्यंत हा तिच्या उशाशी बसला होता, आणि गोळ्यांसाठी पुन्हा दवाखान्यात हेलपाटा घातला होता. हिराला दोन्ही वेळेस दिवस गेले तेव्हा उलट्यांनी ती आडवी झाली होती. हा दाराबाहेर उभा राहून "वास येतोय" म्हणायचा. बाई ठेवली याचा राग होताच. पण त्या बाईचं कपाळ यानं धरलं असेल, या विचारानं तिचं अंग पेटलं.

गोळ्या मुठीत आवळून तिनं स्टूल पुढं सरकवलं. "हितं बसा. मलाबी उलटी व्हईल. कपाळ धरा माझं, मग घेते."

"गिऱ्हाईक बघतंय, हिरा. घे गपचूप, तुझ्याच जिवासाठी हाय."

"बघू द्या. तितं तिच्या उशाशी बसलात तवा भाडं बुडलं न्हाई व्हय?"

निलेश बसला. तेवढ्यात लिंबांशेजारी ठेवलेला त्याचा फोन थरथरला. पडद्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर.

"उचला की. इचारा तिला, पोट बरं हाय का आता."

त्यानं फोन उचलला नाही, कापलाही नाही. फोन थांबला आणि पुन्हा थरथरू लागला. गोळ्या हिराच्या मुठीतच होत्या.