फणसाच्या लाकडातली मृदंगवाली

रत्नागिरीच्या वाटेवर, पालीच्या अलीकडच्या एका गावात देवीच्या देवळाचा सभामंडप फणसाच्या लाकडाचा होता. खांबांच्या माथ्याला बायका कोरलेल्या. एक वीणा धरलेली, एक गिरकी घेतलेली, एक मृदंगवाली. मालन पोरवयापासून त्यांच्याखाली झाडू मारत आली. तिच्या आजीपर्यंत घरातल्या बायका देवीपुढे नाचत. पुढे नाच बंद झाला. गावानं नावं ठेवायचं मात्र सोडलं नाही. देवळात कुणी नसलं की आई वर बोट करून सांगायची, "बघ, पाय कसा टाकलान तिनं!"

२००२ साली जीर्णोद्धार ठरला. मालन कमिटीच्या रावजींकडे गेली.

"दादा, त्या बायका तेवढ्या ठेवा. नव्या भिंतीत बसवा."

"उघड्यावाघड्या बायका? मुंबईची माणसं लेकीसुनांना घेऊन येतात, मालन." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "आणि देवळात कोण नाचायचं, ही आठवण तुलाच कशाला हवी गो?"

मालन घरी परतली.

मंडप उतरवला. पायाभरणीच्या जेवणाला तेच लाकूड फोडून चुलीत घातलं. मालन भाजी चिरायला बसली होती. भाताच्या टोपाखाली तिला मृदंगवाली दिसली. कोपरापर्यंत पेटलेली. तिनं दोन्ही हात आत घातले.

रत्नागिरीच्या इस्पितळात ते जळकं लाकूड तिच्या खाटेखाली होतं. लेक हेमा खाडीपलीकडे भाट्याला दिलेली. माहेरचं कुळ तिनं सासरी कधी सांगितलं नव्हतं. लाकूड बघून ती हबकली.

"आई, हे कुणी बघितलं तर? माझ्या ओवीचं लग्न जमत आलंय."

"सांग, ही माझ्या आजीसारखी नाचणारी कुणीतरी होती."

"सांगितलं तर मोडेल."

मालनचे हात पट्ट्यांत होते, तिला अडवता आलं नाही. हेमानं लाकूड पिशवीत घातलं आणि घरी जाताना पुलावरून खाडीत टाकलं. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं स्वतःच ते सांगितलं, रडत.

"बरं केलंस," मालन म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

जखमा भरल्या, पण बोटं चिकटून वाकडी राहिली. ओवीच्या लग्नात हेमानं पाहुण्यांना सांगितलं, आई आजारी आहे. त्या दुपारी शेजारच्या प्रेमलानं भात कालवून मालनला भरवला.

"तिखट झालंय काय गो?" मालनचे डोळे पदरानं पुसत तिनं विचारलं.

"कळत नाय," मालन म्हणाली.