हवाई चप्पल आली

गोपीनाथरावांकडे येणारा चोर कुलूप तोडत नसे, काही उचलत नसे, आणि येताना वर्दी देऊन येई. वर्दी द्यायचं काम गोपीनाथरावांच्या मोबाइलचं.

ही दोन हजार सतरा सालची गोष्ट. गोपीनाथराव वनस्पतिशास्त्रज्ञ. एकोणीसशे सत्याऐंशी साली लखनऊच्या एका संशोधन संस्थेत आले, तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत घर बांधलं आणि तीस वर्षं झाडांच्या नोंदी करत राहिले. निवृत्तीनंतर नोंदी कशाच्या करायच्या हा प्रश्न पडला, तेव्हा त्यांनी नवा राउटर आणला. त्याच्याबरोबर एक ॲप आलं. घरच्या वाय-फायला कुठलाही फोन जोडला गेला, की गोपीनाथरावांच्या फोनवर टिंग वाजायचं आणि त्या फोनचं नाव झळकायचं. पहिल्या दिवशी त्यांच्या पत्नी वसुधाबाई गच्चीवर पापड घालून खाली आल्या की टिंग, पुन्हा वर जाऊन आल्या की टिंग. शेवटी त्यांच्या लेकीनं, अबोलीनं, ॲपच्या सेटिंगमध्ये शिरून घरच्या तिन्ही फोनांची टिंगटिंग बंद करून दिली.

"बरोबर," गोपीनाथराव म्हणाले. "घरच्या माणसाची वर्दी कशाला? वर्दी परक्याची."

परका मे महिन्यात आला. शनिवारी दुपारी मराठी मंडळाच्या भजनात गोपीनाथराव टाळ धरून बसले होते आणि खिशात टिंग वाजलं. स्क्रीनवर अक्षरं होती: 'हवाई चप्पल' आपल्या नेटवर्कला जोडली गेली आहे.

त्यांनी भजन अर्धवट सोडून घरी फोन लावला. "अबोली! कोणीतरी आपलं वाय-फाय चोरतंय! गच्चीवर जाऊन बघ, गल्लीत कोण उभं आहे!"

अबोली धावत गच्चीवर गेली. तिच्यामागून आदेशही गेला. दोघांनी गल्लीत नजर टाकली. आदेश तर फाटकापर्यंत जाऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला विचारून आला, "भैया, यहाँ कोई मोबाइल लेके खड़ा था क्या?" भैयानं नाही म्हटलं.

हा आदेश कोण, ते सांगायला हवं, कारण गोपीनाथरावांना ते माहीत नव्हतं. आदेश अमौसीच्या विमानतळावर इंजिनियर. त्याचे वडील हणमंतराव हवाई दलातून निवृत्त होऊन लखनऊतच राहिलेले. मंडळाच्या नाटकाच्या तालमीत अबोलीची आणि त्याची ओळख झाली आणि नाटक संपलं तरी तालीम चालू राहिली. आईवडील महिन्याच्या दुसऱ्या-चौथ्या शनिवारी भजनाला गेले की हा चहाला यायचा. लग्न करीन तर याच्याशीच, हे अबोलीचं ठरलेलं होतं. अडचण वडिलांची होती. झाड असो की जावई, जे स्वतः शोधलं आणि तपासलं नाही त्यावर गोपीनाथरावांचा विश्वास नव्हता. भाचीनं आपल्या मनानं लग्न ठरवलं तेव्हा ते अक्षता टाकायला गेले होते खरे, पण वर्षभर त्या जावयाला 'तो नमुना' म्हणत होते. म्हणून अबोलीनं मंडळाच्या सुनेत्राबाईंना हळूच मध्ये घातलं होतं. आदेशचं स्थळ त्यांच्याकडून यायचं, बाबांनी ते शोधायचं, आणि अबोलीनं लाजून मान खाली घालायची.

इकडे गोपीनाथरावांनी चोराची वही सुरू केली. तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. चोर आला की पासवर्ड बदलायचा, आणि पासवर्ड म्हणजे झाडाचं शास्त्रीय नाव, पुढे लखनऊला आल्याचं साल आणि शेवटी हॅशचं चिन्ह. नवा पासवर्ड घरात जाहीर व्हायचा, आदेश पुढच्या वेळी आला की अबोली हसत त्याला सांगायची, "पापा ने फिर बदल दिया, यार, उस चोर की वजह से." जो पासवर्ड आपणच हातानं दिला त्याची चोरी कशी होईल? ती आणि आदेश दोघंही त्या चोराला मनापासून हसायचे.

तीन पासवर्ड पडले आणि गोपीनाथरावांचा सूर बदलू लागला. "माणूस साधा नाही," ते जेवताना म्हणत. "कडुनिंब ओळखला, समजू शकतो. पण अर्जुनाचं नाव त्यानं ओळखलं! आमच्या संस्थेत निम्म्यांना येत नाही. असा विद्यार्थी मला एकही मिळाला नाही."

"मग सापडला तर चहा पाजा," वसुधाबाई म्हणत.

"सापडला तर पोलीस ठाण्यात देईन," ते म्हणत. "घरात अबोली आहे म्हणून तो आत यायला धजत नाही, एवढं बरं."

ऑक्टोबरात सुनेत्राबाईंनी स्थळ आणलं. गोपीनाथरावांनी ते शोधलं, रविवारी पाहण्याचं ठरलं. आदल्या गुरुवारी त्यांनी वही अबोलीपुढे ठेवली. "ठाण्यात द्यायची तक्रार टाइप करून दे. अकरा वेळा आलाय. पुराव्यासाठी या वेळी पासवर्डही बदललेला नाही."

अबोली टाइप करू लागली. शनिवारमागून शनिवार, आणि तेही दुसरे-चौथे. चौथ्या ओळीवर तिची बोटं मंदावली. जुलैतलं भजन एकदा रविवारी ढकललं होतं. वहीत त्या दिवशी चोरही रविवारीच आला होता.  ती फोन घेऊन गच्चीवर पळाली.

"आदेश, तेरे फोन का नाम क्या है?"

"फोनला नाव असतं?"

"सेटिंग में देख!"

थोडा वेळ गेला. "हवाई चप्पल लिखा है," आदेश म्हणाला. "ऑफिसवालों ने किया होगा, कमीने." मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "अबोली... वो चोर मैं हूँ?"

"रविवार को वाय-फाय बंद रखना. बंद म्हणजे बंद!" तिनं बजावलं. चोर म्हणून तो बाबांच्या हाती लागला, तर लग्नाचं नावही काढता येणार नव्हतं.

रविवारी मंडळी आली. आदेशनं गाडीतच वाय-फाय बंद केलं होतं. त्यानं अबोलीकडे आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय असं पाहिलं, की नाटकाच्या दिग्दर्शकानं टाळी दिली असती. पोहे झाले, हणमंतरावांचं नोकरीपुराण झालं, गोपीनाथरावांच्या खिशात सगळं शांत होतं. अबोलीचा जीव भांड्यात पडला.

आता गोपीनाथरावांची एक खोड होती. घरी आलेल्या प्रत्येकाची ते फाटकाजवळच्या झाडावर परीक्षा घेत. बहुतेक पाहुणे हरसिंगार हे त्याचं हिंदी नाव सांगून मोकळे होत.

"ते झाड ओळखता का?" त्यांनी आदेशला विचारलं.

"पारिजातक," आदेश म्हणाला. सासऱ्यावर छाप पाडायची याहून चांगली संधी कुठली? तो ताठ बसला. "निक्टँथस."

"वा!" गोपीनाथराव खुर्चीत पुढे सरकले. इतकी वर्षं ते या उत्तराची वाट पाहत होते.

इथं आदेशनं थांबायला हवं होतं. पण तोंडाला वळण पडलेलं. "एकोणीसशे सत्याऐंशी," तो त्याच दमात म्हणाला, "हॅश."

वसुधाबाईंच्या हातातला चमचा बशीत पडला. अबोलीला वाटलं, आत्ता इथून उठावं आणि थेट चारबाग स्टेशनला जाऊन मिळेल त्या गाडीत बसावं.

"तुमचा फोन काढा," गोपीनाथराव शांतपणे म्हणाले. "वाय-फाय चालू करा."

आदेशनं चालू केलं. टिंग.

"आमच्या हवाई दलात याला घुसखोरी म्हणतात," हणमंतराव पुटपुटले. पण कोणी हसलं नाही.

गोपीनाथराव उठले आणि वही घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरला होता. राग असता तर अबोलीला बरं वाटलं असतं. हे दुःख होतं, आणि ते तिनं दिलेलं होतं.

"अकरा वेळा," ते वहीकडे बघत म्हणाले. "अकरा वेळा आलात या घरात. आणि एकदाही मला भेटला नाहीत?"

 अबोली घरात नेहमी हिंदीतच उत्तर द्यायची, पण आता ती मराठीत बोलली. "बाबा, तो नव्हता भेटत, मी भेटू देत नव्हते. तुम्ही नाही म्हणाल म्हणून. मला हाच हवाय." आणि तिला रडू फुटलं.

गोपीनाथरावांनी वही मांडीवर घेतली. मग तक्रारीचा टाइप केलेला कागद वहीतून काढून त्यांनी चार घड्या घातल्या आणि पोह्यांच्या रिकाम्या बशीखाली सरकवला. खिशातला फोन काढून आदेशपुढे धरला.

"हे टिंग वाजतं, ते बंद कसं करतात? अबोलीनं एकदा दाखवलं होतं."

आदेशनं फोन घेतला. "काका, सगळंच बंद करू?"

"सगळं नको. तुमच्यापुरतं करा," गोपीनाथराव म्हणाले. "घरच्या माणसाची वर्दी कशाला?"