मागचं दार

सहा आसनांचं, एका इंजिनाचं जुनं विमान विकत घ्यायचं म्हणून बघायला मी मेव्हण्याला घेऊन गेलो. तो विमानांचा मेकॅनिक, आणि खोट काढल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. भर दुपारी त्याने इंजिनापासून चाकांपर्यंत सगळं तपासलं. काहीच सापडेना, तसा तो चिडला.

एक चक्कर मारून बघू म्हटलं. निघण्याआधी म्हाताऱ्या मालकाने मागचं दार उघडलं आणि अदबीने धरून ठेवलं. कोणीच चढलं नाही. तरी विमानाची शेपटी दबली आणि नाक वर आलं, मागे कोणी भारदस्त माणूस बसल्यासारखं.

"वारा असेल," मेव्हणा म्हणाला. वाऱ्याचा मागमूस नव्हता.

चक्कर झकास झाली. उतरल्यावर मालकाने पुन्हा तेच दार उघडलं आणि वाट बघत उभा राहिला. शेपटी दबलेलीच राहिली. मेव्हण्याने टायर बघितले, स्प्रिंगा बघितल्या, शेपटीखाली वाकूनही बघितलं.

मालकाने दार हलकेच लावलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"आजवर किती गिऱ्हाइकं आली, दर वेळी तो माझ्याबरोबर खाली उतरायचा," किल्ली माझ्या हातावर ठेवत तो म्हणाला. "तुम्ही त्याला पसंत पडलात."