दुखतंय तिथे नाही

"ह्याआधी कुणाला दाखवलं होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हिला," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "चार महिने रोज पाठ चोळते. फी घेत नाही, फक्त डोकं खाते."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

स्क्रीनवर बाबाचा पाठीचा कणा होता. दोन मणक्यांवर डाग. बाई म्हणाल्या, "दुखतंय पाठीत, पण आजार पाठीतला नाही. कॅन्सर फुफ्फुसात सुरू झाला. गाठीतल्या पेशी सुटतात, रक्तात शिरतात, रक्त नेईल तिकडे जातात. बऱ्याचशा वाटेतच मरतात. एखादी तग धरते आणि तिथे घर करते. मणक्यात केलंय. यकृतातही केलंय."

बाबा एकदम हसला. गळती शोधणं हाच त्याचा धंदा. तीस वर्षं लोकांना सांगत आलाय, ओल दिसते तिथली भिंत फोडू नका, पाणी दुसरीकडूनच येतं. हॉलच्या छताला डाग पडला तर हा वरच्या मजल्यावर जाऊन बाथरूमच्या फरशीला कान लावणार. आणि स्वतःची पाठ दुखली तर? "मोटर उचलताना भरली." झालं, मोकळा! खोकला म्हणे सिमेंटच्या धुळीचा. आणि मीही गाढव, हात भरून येईपर्यंत चोळत बसले. शाळा सोडल्यापासून मला धड जमलेली तेवढीच एक गोष्ट होती.

"हसतोस काय!" मी ओरडले. "लोकांच्या घरात कान लावत फिरलास, आणि स्वतःचं..."

"अगं हळू. दवाखाना आहे."

"खड्ड्यात गेला दवाखाना!"

मग तोंडातून निघालंच. "बाई, मी रोज जोर लावून चोळलं. त्यानेच पसरला का? मीच ढकलला का आत?"

बाबाचं हसू गेलं.

"नाही," बाई सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तू पहिल्यांदा हात लावलास त्याआधीच तो तिथे पोचला होता. म्हणून तर दुखायला लागलं. पण आता चोळू नकोस. मणका ठिसूळ झालाय."

"मग मी काय करू?"

त्या औषधांचं सांगायला लागल्या. बाबाने मध्येच थांबवलं. "बाई, ते मघाचं कागदावर लिहून द्या. हिच्यामुळे झालं नाही म्हणून. ही माझं ऐकत नाही. मी नसताना उगाच स्वतःशी भांडत बसेल."

बाईंनी खरंच लिहिलं. सही केली.

"शिक्कापण मारा," बाबा म्हणाला. "नुसत्या सहीवर हिचा विश्वास बसायचा नाही."

लिफ्ट बंद होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला, भार सगळा कठड्यावर.

"टाक ना भार."

"पडशील."

"मी काय काचेची आहे? टाक म्हटलं ना!"

त्याने कठडा सोडला आणि माझ्यावर रेलला. मी पाय रोवले, दात आवळले, श्वास रोखून उभी राहिले.

काहीच जड लागलं नाही.